स्वार माझ्याकडे, घोडे तुमच्याकडे

९ जानेवारी

भाऊजी,

माझं पत्र बघून दचकला असाल. लग्नकार्यात 'बरं आहे ना' आणि 'हो, बरं आहे' यापलीकडे आपण कधी बोललो नाही. फोन करणार होते, पण समोरचा माणूस दिसत नसला की मला काही सुचत नाही. म्हणून लिहिते.

तुमच्या मावसभावाला जाऊन आठ महिने झाले. त्यांचं कपाट मी आजवर उघडलं नव्हतं. परवा म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात, बुटांच्या मागे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत अकरा प्लास्टिकचे घोडे. एकेक जुन्या बनियनच्या तुकड्यात वेगळा गुंडाळलेला. पाठीवर खोगीर, खोगिरात एक चौकोनी भोक, आणि वर बसायला कुणी नाही. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा डबा मला एकदाही दिसला नाही. आणि मी जगभर सांगत फिरायचे की ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली आहे: 'मागितले तरच द्यायचे.' नाव लिहिलेलं नाही. पण लहानपणी तुमचं दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं, एवढं सासूबाई सांगायच्या. तुमचेच का हे? हवे आहेत का?

वहिनी


१६ जानेवारी

वहिनी,

मागतो. लेखी मागतो. हवे आहेत.

आजोबांनी आम्हा दोघा नातवांत मिळून एक खोका आणला होता. काउबॉयचा संच. ओंडक्यांचा वाटावा असा प्लास्टिकचा किल्ला, कापडी छताची घोडागाडी, कमरेला पिस्तूल लावलेला शेरीफ, आणि अकरा स्वार, अकरा घोडे. कुणी निळ्या डगल्यातले फौजी, कुणी दोरीचा फास फिरवणारे, एक पिसांचा टोप घातलेला सरदार. पहिल्याच दिवशी आमची मारामारी झाली. मावशी म्हणाली, वाटून घ्या, नाहीतर कचऱ्यात टाकते. दादा बारा वर्षांचा, मी आठ. तो म्हणाला, "स्वार तुला, घोडे मला. किल्ला पण तुला." मला बंदुका आणि टोप्या दिसल्या. मी लगेच हो म्हटलं. दादाला कसा गंडवला, या आनंदात घरापर्यंत उड्या मारत गेलो.

घरी स्वार मांडायला घेतले तेव्हा अक्कल आली. पाय फाकवलेले अकरा बाप्ये. धड उभे राहीनात, धड बसेनात.

दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घेतलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मी म्हटलं, येईल तोच. बिनस्वाराचे घोडे घेऊन काय करणार? त्यानंही तेच म्हटलं असणार. याला आता चौसष्ट वर्षं झाली.

तो खेळण्यांचा कारखाना कधीच बंद पडला, साचे भंगारात गेले. मी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, तुम्हाला ठाऊक असेल. कवळीच्याच मेणाचे उंचवटे करून मी माझ्या स्वारांना बूड टेकायला जागा दिली. जुन्या बाजारातून दुसऱ्या संचांचे लंगडे-थोटे काउबॉय आणून दुरुस्त करतो. साडेतीनशेच्या वर झालेत. पण त्यांचे घोडे माझ्या अकरांना चालत नाहीत. माझ्यांच्या बुडाखाली चौकोनी खुंटी आहे, बाकी सगळीकडे गोल भोकं.

पाठवा. गरम पाण्याने धुऊ नका. खरं तर धुऊच नका.

तुमचा दीर


२५ जानेवारी

भाऊजी,

सोबत एक घोडा. पांढरा, कपाळावर तपकिरी ठिपका. एकदम अकरा पाठवले आणि पार्सल हरवलं तर काय घ्या! म्हणून एकेक पाठवीन म्हणते. एवढी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा.

टपाल कचेरीतल्या बाईनं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, घोडा. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मला मुकाट्यानं डबी उघडून दाखवावी लागली. मग ती हसली. आठवड्याभरात माझ्याशी कुणी हसलं ते तेवढंच.

तुम्ही कसे आहात? जेवणाखाणाचं काय करता? स्वार बसल्यावर कसा दिसतो ते सविस्तर कळवा. इकडे वाचायला वेळच वेळ आहे.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

घोडा मिळाला. धडधाकट आहे. आभारी आहे.

पुढचा पाठवावा.

तुमचा दीर


११ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. गॅसवर चहा ठेवून पाकीट फोडलं, आणि चहाला उकळी यायच्या आत पत्र संपलं. आणखी काही राहिलंय का म्हणून मी पाकिटात हात घालून पाहिला.

असो. हा दुसरा. काळा. ह्याचा मागचा पाय गुडघ्यातून तुटलेला आहे आणि खूर तर नाहीच. डब्यात शोधलं, मिळाला नाही. मी तोडला नाही हो, असाच निघाला. तुमच्या कामाचा नसेल तर तसं कळवा, उगाच भीड बाळगू नका.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

कामाचा नसेल म्हणजे काय? तुम्ही कुणाला विचारताय? माझ्याकडे एक माणूस यायचा, त्याची कवळी त्याच्याच कुत्र्यानं चावून सात तुकडे केलेले. ती मी जोडली आणि तो तिनं पुढं नऊ वर्षं जेवला. तुमच्या घोड्याचा तर एकच पाय.

ऐका. हे प्लास्टिक मेणचट असतं, त्याला गोंद धरत नाही. जगातला कुठलाही गोंद आणा, आठ दिवसांत पाय हातात. म्हणून दोन्ही तुकड्यांत सुईएवढं भोक पाडायचं, आत पोलादी तार घालायची, आणि दोन्ही बाजूंनी दाबून बसवायचं. मोड जुना होता. कडा विटून करड्या पडलेल्या, फटीत मळ. म्हणजे दादाच्याच हातून, लहानपणीच तुटला असणार. खूर नवा केला. शेजारच्या पायाचा साचा घेतला आणि आपला नेहमीचा कवळीचा मसाला ओतला. तो मसाला हिरडीच्या रंगाचा, त्यामुळे दोन दिवस बिचारा एका गुलाबी खुरावर उभा होता. मला एकट्याला हसू आवरेना. मग रंगवला. आता कुठला पाय ते शोधून दाखवा.

त्याच्यावर फास फिरवणारा बसला. खुंटी भोकात गेली तेव्हा 'टक' असा बारीक आवाज आला.

दादा दाताच्या डॉक्टरला किती घाबरायचा ते तुम्हाला माहीत आहे का? एकदा मावशीनं त्याला दवाखान्यात नेलं आणि तो खुर्चीतून उठून थेट आमच्या घरी पळत आला, गळ्यातला टॉवेल तसाच. माझ्या पलंगाखाली संध्याकाळपर्यंत बसला. आणि त्याचाच भाऊ पुढे कवळ्या करायला लागला. यावरून तरी त्यानं मला एकदा चिडवायला यायला हवं होतं.

जेवणाचं विचारलंत. भात लावतो, कधी अंडी. काल दिवसभरात मी एकच वाक्य बोललो, तेही औषधांच्या दुकानात: 'पिशवी नको.' आज तुम्हाला चार पानं लिहिली. बोटं दुखताहेत, पण दुखू देत.

तुमचा दीर


३ मार्च

भाऊजी,

पलंगाखाली बसल्याचं ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पत्र तीनदा वाचलं. एकदा खालच्या मजल्यावरच्या आजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दुसऱ्याच पानाला घोरायला लागल्या, तरी मी शेवटपर्यंत वाचलं.

हा तिसरा. हाही तुटका निघाला बघा. शेपूट.

मुलगी दर रविवारी फोन करते. फार लांब असते ती, तिकडे तेव्हा सकाळ असते आणि तिला घाई. 'जेवलीस का?' 'हो.' 'औषध घेतलंस का?' 'हो.' मग ती म्हणते, ठेवू का? मी म्हणते, ठेव. तिची काही चूक नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं असतं तरी काय? आता मात्र सांगते तिला, शेपटाला तार कशी घालतात ते.

कशी घालतात?

वहिनी


१९ एप्रिल

भाऊजी,

चौथ्याच्या कानाबद्दलचं पत्र फार आवडलं. कानाला एवढं काम असतं हे ठाऊकच नव्हतं.

पाचव्याची मात्र मला लाज वाटते. पुढचा पाय तुटला. झालं काय, शेजारचा बोका खिडकीतून येतो आणि टेबलावरच्या वस्तू पाडतो. लठ्ठ आहे मेला. मी घोडा पुसायला म्हणून बाहेर काढला आणि त्यानं डाव साधला. रागावू नका.

वहिनी


२ मे

वहिनी,

बोक्यावर रागावून काय करू? जात्याच उपद्व्यापी. खिडकीच्या कट्ट्यावर लिंबाची सालं ठेवून बघा, त्यांना तो वास सोसत नाही. आणि घोडा पुसू नका. मी काय सांगितलं होतं?

पाय बसवला. ह्या खेपेला तार जाड घ्यावी लागली कारण सगळा भार पुढच्या पायांवर आहे, घोडा उधळलेला आहे ना. आधी बारीक तार घालून पाहिली, तो दर वेळी नमस्काराला वाकायचा. वरचा फौजी डोक्यावर पडायचा. तीनदा पडला. चौथ्यांदा मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तरी धर घट्ट.

मी आता स्वारांशी बोलतो, हे कुणाला सांगू नका. तुमच्या पत्राच्या दिवशी मी सकाळीच दाढी करतो. हेही सांगू नका.

तुमचा दीर


१५ मे

भाऊजी,

सहावा. मान. बोक्याचंच काम. लिंबाचा काही उपयोग झाला नाही.

तुमची दाढी झाली असेल असं धरून चालते. सावकाश दुरुस्त करा, पण सगळं लिहा.

वहिनी


२४ मे

वहिनी,

बोक्याला पक्कड धरता येते का?

जुनं प्लास्टिक वरून विटतं, आतून नाही. ह्या घोड्याची मान आतून कालच्यासारखी तांबडी आहे. बरं, ताजी तुटली म्हणू. पण मोडाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बारीक रेघा आहेत. पकडीच्या दातांच्या. दातांच्या खुणा मला शिकवू नका, मी जन्मभर तेच पाहिलंय. मग मी तिसरा, चौथा आणि पाचवा पुन्हा काढून भिंगाखाली धरले. तिथेही तेच. मला आधी दिसायला हवं होतं. तुम्ही म्हणाल ते खरं धरून चाललो होतो.

का ते मला कळत नाही. मी चौसष्ट वर्षं यांची वाट पाहिली. असे घोडे आता कुठे मिळत नाहीत, आणि तुम्ही ते एकेक करून मोडताय. दादानं मला दिले नाहीत, पण निदान बनियनमध्ये गुंडाळून ठेवले.

उरलेले पाच एकदम पाठवा, आहेत तसे. सोबत पत्र नसलं तरी चालेल.

तुमचा दीर


३ जून

भाऊजी,

हे पाच. धडधाकट आहेत, बोट लावलेलं नाही. पत्र नको म्हणालात, तरी एवढं वाचा.

शेजारी बोका नाही. कुणीच नाही, ते घर दोन वर्षं बंद आहे.

पहिला घोडा मी चांगला पाठवला, तर तुम्ही तीन ओळी लिहिल्यात. दुसरा तुटका निघाला, तर चार पानं आली. मी काही हुशार बाई नाही, पण एवढा हिशोब मला जमला. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत पक्कड होती. शेपूट सोपं गेलं, कान त्याहून सोपा. मानेच्या वेळी मोठा आवाज झाला आणि मी खुर्चीत बसून रडले, कारण ह्यांनी ते इतके जपलेले, आणि मी त्यांच्याच पकडीनं... पण दर वेळी दहा-बारा दिवसांनी जाड पाकीट यायचं. ते आलं की मी आधी नुसतं हातात घेऊन वजन बघायची. मग दारं-खिडक्या लावून, चहा करून, पाय वर घेऊन वाचायची. शेहेचाळीस वर्षं घरात माणूस होतं हो. आता ह्या खोल्यांत माझ्या चपलांचा आवाज सोडून दुसरा आवाज नसतो. तुमचं पत्र वाचताना कुणीतरी समोर बसून काहीतरी सांगतंय असं वाटायचं. तारेचं सांगतंय का खुराचं, मला काय फरक पडतो?

तुमचं नुकसान केलं. माफ करा म्हणायलाही तोंड नाही. आता घोडे संपले, तेव्हा पुन्हा त्रास देणार नाही.

वहिनी


८ ऑगस्ट

वहिनी,

दोन महिने झाले. ह्या दोन महिन्यांत मी तुम्हाला सहा पत्रं लिहिली आणि सहाही फाडली. हे सातवं मी पेटीत टाकूनच घरी येणार आहे, मग ते कसंही असो.

तुमचं पत्र मी रागाच्या भरात तीन आठवडे उघडलंच नाही. नुसते घोडे काढून घेतले. असा माणूस आहे मी. अकराच्या अकरा स्वार बसवले. किल्ल्याचं फाटक उघडलं, घोडागाडी पुढे, शेरीफ कडेला. आणि समोर खुर्ची टाकून बसलो. बराच वेळ बसल्यावर लक्षात आलं की मी कुणीतरी 'वा' म्हणायची वाट बघतोय. घरात कोण आहे म्हणायला? मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो, परत येऊन बसलो. ते तसेच. वहिनी, मला हे दादाला दाखवायचं होतं. घोडे काय, त्यानं येऊन दारावर एक थाप मारली असती तर मी माझे स्वारही देऊन टाकले असते. पण तो तिकडे चिठ्ठी चिकटवून बसला आणि मी इकडे मेणाचे उंचवटे करत बसलो. एका तासाच्या बसप्रवासावर. दोघेही अडेलतट्टू. तो गेल्याचं कळलं तेव्हा मी सकाळची बस चुकली असं सांगितलं होतं. बस चुकली नव्हती. मी थांब्यावर उभा होतो, बस आली, आणि माझा पाय उचलला नाही.

मग तुमचं पत्र उघडलं.

त्या तीन ओळींचं सांगतो. पांढरा घोडा आला त्या दिवशी मी पिसांच्या टोपाचा सरदार काढला. त्याच्या बुडाखालचं मेण खरवडलं. खुंटी भोकावर धरली आणि दाबली. ती बसली. आणि मी ह्या वयात, टेबलावर डोकं ठेवून, लहान मुलासारखा रडलो. मग तुम्हाला लिहायला बसलो तर अक्षर नीट येईना. कागदावर पाणी सांडायचं. चार कागद गेले. पाचव्यावर 'घोडा मिळाला, धडधाकट आहे' एवढं कसंबसं उमटलं आणि तेच पाकिटात घातलं. दुरुस्तीबद्दल मी पानंच्या पानं लिहीन, ते काम आहे, त्यात मला काही होत नाही. माझं सगळ्यात मोठं पत्र ते होतं, आणि तुम्हाला ते चहाच्या उकळीइतकंही पुरलं नाही. माझाच दोष. कुणाला कळावं तरी कसं?

'पत्र नसलं तरी चालेल' असं मी लिहिलं. चाललं नाही. जूनमध्ये चाललं नाही, जुलैत त्याहून नाही. दाढी करायलाही कारण उरलं नाही.

तेव्हा आता मी येतो आहे. येत्या शुक्रवारी, साडेदहाच्या बसनं. नऊ वर्षं गावाबाहेर पडलेलो नाही, त्यामुळे चुकलो तर हसू नका. घोडे आणणार नाही. तारा आणणार नाही, साचे आणणार नाही. दुरुस्त करायला काही काढून ठेवू नका. नुसता येतो. मला बोलता येत नाही, हे एव्हाना तुम्हाला समजलंय. तासभर गप्प बसलो तर कंटाळलो असं समजू नका.

नको असेन तर तसं कळवा. भीड बाळगू नका.

तुमचा दीर


१२ ऑगस्ट

भाऊजी,

पत्र मिळालं. शुक्रवारी मी थांब्यावर येते.

जास्त लिहवत नाही.

वहिनी